पत्रातला दुसरा परिच्छेद

पाडव्याचा हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आपल्या मराठी मंडळातल्या पाच-सहा घरांत तरी कुणीतरी दर अर्ध्या तासाने ईमेल उघडून बघत असेल. कुणाची भाची पुण्यात, कुणाच्या मित्राचा मुलगा नागपुरात, कुणाची स्वतःची मुलगी इथेच वरच्या खोलीत. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज गेले, जानेवारीत काहींच्या मुलाखती झाल्या, फेब्रुवारीत मैत्रिणीला उत्तर आलं आणि आपल्याकडे अजून काहीच नाही. आई-वडील मुद्दाम विचारत नाहीत. त्यांचं ते न विचारणं जेवणाच्या ताटाशी येऊन बसतं आणि घास खाली उतरत नाही.

मी गेली एकोणीस वर्षं इथल्या, अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात शिकवते. त्यातली सात वर्षं विभागाच्या प्रवेश समितीवर होते. त्याच्या कितीतरी आधी, १९९८ च्या मार्चमध्ये, कोल्हापुरात दुपारच्या टपालाची वाट बघत मी उंबऱ्यात बसलेली आहे. म्हणजे हे प्रकरण मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. त्या अनुभवावरून मला एकच गोष्ट सांगायची आहे. प्रवेशाचं पत्र आलं की आपण पहिला परिच्छेद वाचतो, 'अभिनंदन' हा शब्द दिसतो, पेढे येतात, गावभर फोन जातात. पैशाचा मजकूर बहुधा दुसऱ्या परिच्छेदात असतो. तो आधी वाचा. कळला नाही तर विचारा. आणि तो परिच्छेदच पत्रात नसेल, तर पेढे आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून हिशेब करा.

हे सांगावं लागतं, कारण आपल्या घरांत शिक्षण आणि पैसा ही दोन नावं एका वाक्यात घेणं कमीपणाचं मानतात. 'शिक्षणासाठी काहीही करू', 'तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो', ही वाक्यं आपण सगळे ऐकत वाढलो. त्यामागची माया खरी आहे. पण तिच्यामुळे बावीस वर्षांच्या मुलाला आपल्या शिक्षणाची किंमत शेवटपर्यंत कळत नाही, आणि जी कळायला हवी होती त्या किमतीवर बाप एकटा बँकेत जाऊन सही करून येतो.

माझ्या घरी दोन पाकिटं आली होती. पहिलं एका फार मोठ्या नावाच्या विद्यापीठाचं होतं. प्रवेश होता, पैसे नव्हते. दुसरं, मी आज जिथे राहते त्या भागातल्या, आमच्या गल्लीत कुणी नावही न ऐकलेल्या विद्यापीठाचं होतं. त्यात फी माफ, टीएचं, म्हणजे शिक्षण-सहाय्यकाचं, काम आणि महिन्याचा स्टायपेंड असं स्वच्छ लिहिलेलं होतं. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गडहिंग्लजजवळ आमची दीड एकर जमीन होती. पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात त्यांनी गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली होती, हे मला पुढे आईकडून कळलं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. मी दुसरं पत्र निवडलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं. मुलीला मोठ्या ठिकाणी पाठवायला आपण कमी पडलो असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. ते तसं नव्हतं, हे मी त्यांना नीट सांगायला हवं होतं.

माझ्याच वर्गातल्या एका मुलाने त्या वर्षी उलटी निवड केली. घर तारण ठेवून कर्ज काढलं, नावाजलेल्या ठिकाणी एमएस केलं आणि २००१ मध्ये बाहेर पडला, नेमका संगणक-कंपन्यांत कपात सुरू असताना. वर्षभरात परत गेला. तो हुशार होता, आजही आहे, आणि पुढे त्याचं चांगलं झालं. कर्ज मात्र त्याच्या वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून फिटलं. त्याला मी दोष देत नाही. नोकरीचा बाजार दोन वर्षांनी कसा असेल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि बिनपैशाचा प्रवेश घेणारा सगळं त्यावरच लावत असतो.

आता समितीच्या खोलीत काय चालतं ते सांगते, कारण ते कळलं तर वाट बघणं थोडं सुसह्य होतं.

पीएचडीचा विद्यार्थी घेणं म्हणजे विभागाने चार-पाच वर्षांचा खर्च अंगावर घेणं. फी, स्टायपेंड, आरोग्यविमा, सगळं. हा पैसा तीन वाटांनी येतो. पदवीच्या वर्गांना शिकवायला माणसं लागतात, त्यातून टीएच्या जागा निघतात. गणित, संख्याशास्त्र, रसायनशास्त्र या विभागांचा मोठा आधार तोच. प्राध्यापकाला मिळालेल्या संशोधन अनुदानातून आरए, म्हणजे संशोधन-सहाय्यकाची जागा, मिळते. अभियांत्रिकीत बहुतेक वेळा हीच वाट, आणि तिथे समितीपेक्षा त्या एका प्राध्यापकाच्या होकाराला महत्त्व असतं. तिसरी वाट विद्यापीठाच्या फेलोशिपची. त्या थोड्या असतात. एका वर्षी आमच्याकडे बारा जणांपुरते पैसे होते. आम्ही तेवीस पत्रं पाठवली, कारण निम्मे दुसरीकडे जाणार हे अनुभवाने माहीत होतं. त्याखाली आणखी वीस नावं होती. ती मुलं तेविसांपेक्षा कच्ची होती असं छातीवर हात ठेवून मला सांगता येणार नाही. त्यांना आम्ही 'नाही' कळवलं नव्हतं आणि 'हो' म्हणायला पैसे नव्हते. ती मुलं मार्चभर गप्प ईमेलकडे बघत होती.

म्हणून मार्चमधलं मौन म्हणजे नकार, असं समजू नका. एप्रिलच्या पहिल्या दोन आठवड्यांत पत्रं हलतात. वरच्याने नकार दिला की तोच पैसा खालच्याला जातो. एका साली १४ एप्रिलच्या संध्याकाळी मी स्वतः एका मुलीला फोन केला होता, तिच्याकडे पहाट होती. या काळात तीन ओळींची एकच विचारणा करावी: मला अजून रस आहे, माझ्या अर्जाची स्थिती कळू शकेल का, अर्ज पाठवल्यापासून माझ्याकडून ही एक नवी गोष्ट झाली आहे. दर आठवड्याला लिहून उपयोग होत नाही.

याच व्यवस्थेतून एक कर्तव्यही येतं. ज्या विद्यापीठात आपण जाणार नाही हे पक्कं झालं, तिथे त्याच दिवशी नकार कळवावा. चार पत्रं हातात धरून मिरवण्यात काही मोठेपणा नाही. त्यातल्या तिनांवर आणखी तीन मुलं डोळे लावून बसलेली असतात.

आणि ज्या पत्राचा खरोखर विचार चालू आहे, त्याची घाई कुणालाही करू देऊ नका. अमेरिकेतल्या पदव्युत्तर शिक्षणसंस्थांची कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स नावाची संघटना आहे. तिच्या ठरावानुसार, सही करणाऱ्या विद्यापीठांनी देऊ केलेल्या आर्थिक मदतीला विद्यार्थ्याने १५ एप्रिलच्या आधी उत्तर देणं बंधनकारक नाही. सही केलेल्या विद्यापीठांची यादी कुणालाही बघता येते. शिष्यवृत्ती, फेलोशिप, टीए, आरए, सगळं यात येतं. स्वखर्चाच्या एमएसच्या प्रवेशाला मात्र हे संरक्षण नाही. तिथे अनामत रक्कम भरायची तारीख ते विद्यापीठ ठरवतं, आणि ती बरीच आधीची असू शकते. हा फरक आपल्या मुलांना माहीत नसतो.

दोन वर्षांपूर्वी मिरजेहून माझ्या बालमैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. आमच्याकडे रात्रीचे दहा, तिच्याकडे सकाळचे साडेआठ. संख्याशास्त्राच्या पीएचडीसाठी दोन पत्रं होती. एक किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरातलं, वर्षाला ३४,००० डॉलर. दुसरं आमच्यासारख्या लहान गावातलं, २१,००० डॉलर. दुसऱ्या ठिकाणच्या एका प्राध्यापकांनी तिला १० मार्चपर्यंत उत्तर मागितलं होतं. ती रडवेली झाली होती. "मावशी, चौतीस हजार सोडून एकवीस हजारांना कोण जाईल? पण मला ज्यांच्याकडे काम करायचंय ते त्या एकवीस हजारांच्या ठिकाणीच आहेत."

मी म्हटलं, "आधी त्यांना लिही की विद्यापीठाने १५ एप्रिलच्या ठरावावर सही केली आहे आणि मी त्या मुदतीच्या आत नक्की कळवेन. मग कागद-पेन घेऊन बस."

कागदावर असं निघालं. पहिले ३४,००० बारा महिन्यांचे होते. त्या शहरात दोघींत घेतलेल्या घराचं तिच्या वाटणीचं भाडं महिना १,६०० डॉलर, म्हणजे वर्षाचे १९,२००. हातात १४,८०० राहतात. दुसरे २१,००० नऊ महिन्यांचे होते, हे पत्रात एका ओळीत लिहिलेलं होतं आणि तिच्या नजरेतून सुटलं होतं. उन्हाळ्याचं काय, हे तिने पत्र पाठवून विचारलं. विभागाने उत्तर दिलं की उन्हाळी वर्ग शिकवण्याचे ६,००० डॉलर पहिल्या चार वर्षांसाठी हमीने मिळतील; पत्रात लिहायचं राहिलं होतं. झाले २७,०००. त्यातून फीमाफीत न बसणारे विद्यापीठाचे इतर आकार वर्षाला १,८००, भाडं ६०० प्रमाणे ७,२००. हातात १८,०००. कर दोन्हीकडे आहेच. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट घेता येते, ती बाकीच्या बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. विमा पहिल्या ठिकाणी पूर्ण होता, दुसऱ्या ठिकाणी बहुतांश. म्हणजे तेरा हजारांनी लहान दिसणारं पत्र तीन हजारांनी मोठं निघालं, आणि तेही एक साधा प्रश्न विचारल्यावर. तिने तो प्रश्न विचारायला चार दिवस घेतले. "असं पैशाचं विचारलेलं बरं दिसेल का? त्यांनी रागावून प्रवेश काढून घेतला तर?"

समितीवरच्या सात वर्षांत पैशाचा प्रश्न विचारला म्हणून आम्ही कुणाचंही पत्र मागे घेतलं नाही. उलट जो मुलगा 'हमी किती वर्षांची आहे', 'उन्हाळ्यात काय', 'माझे मार्गदर्शक दुसरीकडे गेले तर माझी जबाबदारी कुणाची' असं विचारतो, तो पुढची पाच वर्षं डोळे उघडे ठेवून काढेल असं आम्हाला वाटायचं. हे प्रश्न इथली मुलं सहज विचारतात. आपली मुलं विचारत नाहीत, कारण देणाऱ्याला अटी विचारू नयेत असं आपण त्यांना शिकवलं आहे. पण हे दान नाही. टीए आठवड्याला वीस तास काम करते, वर्ग घेते, शेकडो उत्तरपत्रिका तपासते. त्याचा मोबदला काय, हे विचारण्यात लाजण्यासारखं काय आहे?

१५ एप्रिलच्या आदल्या दिवशी बाबासाहेबांची जयंती असते. या तारखांचा संबंध योगायोगाचा, पण मला दर वर्षी तो आठवतो. अमेरिकेत शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्यांत ज्यांचं नाव सर्वांत आधी घ्यावं, त्यांच्या शिक्षणाची कथा ही शिष्यवृत्तीच्या अटींचीही कथा आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा करार होता. त्या पैशावर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले, १९१५ मध्ये एमए झाले, १९१६ मध्ये लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीवर गेले, तर जातीमुळे राहायला जागा मिळू दिली नाही. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. लंडनची डी.एस्सी. १९२३ ची. कोलंबियाची पीएचडी तर १९२७ ची, कारण प्रबंध छापून दिल्याशिवाय पदवी मिळत नसे आणि छापायला पैसे लागतात. ज्या माणसाच्या बुद्धीविषयी कुणी शंका घेणार नाही, त्याचीही वर्षं मुदती आणि पैशाने मागेपुढे केली. आपल्या मुलांना हा भाग सांगितला पाहिजे. पैशाचा विचार हा अभ्यासाचाच भाग आहे, हे त्यातून जितकं कळतं तितकं माझ्या लेखातून कळणार नाही.

आता अवघड भागाकडे येते. पीएचडीचं बरं आहे, तिथे बहुतेक विषयांत पैसा पत्राबरोबर येतो. आपल्या ओळखीतली बहुसंख्य मुलं एमएसला येतात. २०२३-२४ मध्ये भारत अमेरिकेला सर्वाधिक विद्यार्थी पाठवणारा देश ठरला, संख्या ३,३१,६०२. त्यात निम्म्याहून अधिक पदव्युत्तर. एमएसचे प्रवेश बऱ्याच विभागांसाठी उत्पन्नाचं साधन असतात, हे आतली व्यक्ती म्हणून मी सांगते. पीएचडीला बारा जागा असणाऱ्या विभागाच्या एमएसला दीडशे असू शकतात, आणि ते दीडशे जण पूर्ण फी भरतात. त्यामुळे एमएसच्या प्रवेशपत्रावरून मुलाची गुणवत्ता जेवढी ठरते असं आपण मानतो, तेवढी ती ठरत नाही. शिक्षण चांगलं नसतं असं मी म्हणत नाही. पण ते पत्र बक्षीस नाही, तो एक व्यवहार आहे, आणि व्यवहारासारखाच तो तपासायला हवा.

कर्जाचा हिशेब सोपा आहे, करणं जिवावर येतं एवढंच. ५० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षांची फेड धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ६९ हजार रुपये. शिकत असताना साचलेलं व्याज यात धरलेलं नाही. सरकारी बँका साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागतात. बिनतारण देणाऱ्या संस्था व्याज जास्त लावतात. डॉलरमध्ये पगार असेल तर ६९ हजार फार नाहीत. पुण्यात परत येऊन पहिली नोकरी धरली तर तेवढा कित्येकांचा पगारही नसतो. म्हणून प्रश्न एवढाच: डॉलरमधली नोकरी किती खात्रीची? शिक्षणानंतर ओपीटी या कामाच्या परवानगीवर बारा महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवर आणखी चोवीस. त्यापुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत, वर्षाला ८५,००० जागा, आणि सप्टेंबर २०२५ पासून नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा. त्याला अपवाद असले तरी नोकरी देणारा बिचकतो. कर्जाची फेड दहा वर्षांची, इथे काम करण्याची हमी जास्तीत जास्त तिनाची. उरलेली सात वर्षं कशाच्या जोरावर?

माझ्याशी वाद घालणारे मला म्हणतात, "अहो, नावाला किंमत आहे. मोठ्या विद्यापीठाचा शिक्का जन्मभर पुरतो." काही क्षेत्रांत हे खरं आहे. व्यवस्थापनात, कायद्यात, काही प्रमाणात संगणकशास्त्रात पहिली मुलाखत शिक्क्याने मिळते. ज्या घरात हप्ता भरण्याची ताकद आहे, त्यांनी शिक्का जरूर विकत घ्यावा. माझं म्हणणं राहत्या घरावर कर्ज काढणाऱ्यांपुरतं आहे. त्यांच्या बाबतीत क्रमवारीतला पंधरावा आणि साठावा यांतला फरक दीड एकर जमिनीएवढा नसतो. शिवाय क्रमवारी मोजते विद्यापीठाला, आणि विद्यार्थ्याचं आयुष्य ठरतं ते एका विभागात, एका मार्गदर्शकाजवळ. मी माझ्या अपरिचित विद्यापीठात ज्यांच्या हाताखाली शिकले, त्यांनी मला विषय दिला आणि माणूस म्हणून वागवलं. मोठ्या नावाच्या ठिकाणी हे मिळालं असतं की नसतं, मला माहीत नाही. पण वडिलांची जमीन शाबूत होती, म्हणून मी पाच वर्षं भीतीशिवाय शिकले.

"तिथे गेल्यावर काहीतरी मिळेल" या वाक्यावर विसंबून येणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगेन की ते वाक्य पत्रात लिहून मागा. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच आणि तेही विद्यापीठाच्या आवारातच काम करता येतं. पुष्कळ विभागांत टीएच्या जागा पीएचडीसाठी राखलेल्या असतात. ग्रंथालयातल्या आणि भोजनगृहातल्या कामाच्या पैशात किराणा निघतो, फी निघत नाही.

इथे वाढलेल्या आपल्या मुलांना वाटतं, हा प्रश्न भारतातून येणाऱ्यांचा. यंदापासून तसं राहिलेलं नाही. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे संघीय कर्ज बंद होत आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी संघीय कर्ज आता वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण एक लाखापर्यंतच, वैद्यकीयसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख. त्यापुढची रक्कम खासगी कर्जाने उभी करावी लागेल आणि बहुधा त्यावर आई-वडिलांची सही लागेल. ज्यांची मुलं विज्ञानाकडे आहेत त्यांना एनएसएफ या संघीय विज्ञान-संस्थेच्या ग्रॅज्युएट फेलोशिपचा अर्ज करायला सांगा. वर्षाला ३७,००० डॉलर, तीन वर्षं, आणि तो नागरिक व ग्रीनकार्डधारकांनाच खुला आहे. इथल्या मराठी घरांत तिच्याविषयी माहिती फार कमी आहे, याचं मला आश्चर्य वाटतं.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत एनआयएच या संघीय आरोग्य-संशोधन संस्थेच्या अनुदानातल्या अप्रत्यक्ष खर्चाला १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर झाली. न्यायालयांनी ती अडवली, पण विद्यापीठांनी हात आखडले. पिट्सबर्ग विद्यापीठाने पीएचडीचे प्रवेश काही काळ थांबवले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन वैद्यकीय विद्यालयाने जीववैद्यकीय पीएचडीसाठी दिलेले तात्पुरते प्रवेश मार्चमध्ये मागे घेतले. मे महिन्याच्या अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं काही आठवडे बंद होतं. शिक्षक म्हणून मला त्या वसंतात शरम वाटली. दिलेलं पत्र मागे घेतलं जातं, हे मी आधी ऐकलेलं नव्हतं. तेव्हापासून मी मुलांना एक प्रश्न जास्तीचा विचारायला सांगते: माझा पैसा कुठून येणार आहे? विभागाच्या टीएच्या जागांतून येणार असेल तर तो बऱ्यापैकी टिकाऊ, कारण पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसचे वर्ग दर वर्षी भरतातच. एका प्राध्यापकाच्या एका अनुदानातून येणार असेल तर ते अनुदान कधी संपतं, आणि संपलं तर विभाग टीए देईल का, हे लेखी घ्यावं. 'निधीच्या उपलब्धतेनुसार' हे शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात असतात. ते असतात म्हणून घाबरू नये, पण त्या शब्दांमागे गेल्या पाच वर्षांत काय घडलं हे तिथल्या चालू विद्यार्थ्यांना विचारावं. ते खरं सांगतात.

आता मंडळाविषयी. आपण गणपतीला तीनशे माणसांचं जेवण करतो, नाटकाचा दौरा आला की चार घरं कलाकारांना उतरवून घेतात. या मुलांना मदत करण्याच्या कामातही आपला हात लागला पाहिजे, आणि तो लागण्यासारखा आहे.

एक तर, मार्च-एप्रिलमध्ये कुणाच्याही मुलाला 'कुठे लागलं?' असं विचारणं आपण थांबवू या. तो प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, पण त्याचं उत्तर म्हणून मुलं मोठं नाव शोधू लागतात. विचारायचंच असेल तर 'पत्र वाचायला मदत हवी का?' असं विचारा.

दुसरं, भारतातून येणारी मुलं ऑगस्टच्या सुरुवातीला उतरतात आणि टीएचा पहिला पगार हातात पडायला सप्टेंबरची अखेर उजाडते. घराची अनामत, पहिल्या महिन्याचं भाडं, गादी, भांडी, पुस्तकं, विमानाचं तिकीट, सगळा खर्च त्या दोन महिन्यांत येतो. पैसे असलेल्या प्रवेशाचं पत्र हातात असूनही मुलं या दोन महिन्यांसाठी घरून लाख-दोन लाख उसने आणतात. मंडळाच्या निधीतून अशा मुलांना दीड हजार डॉलरपर्यंत बिनव्याजी रक्कम द्यावी आणि डिसेंबरपर्यंत परत घ्यावी, असा ठराव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. दर वर्षी आपल्या गावात अशी आठ-दहा मुलं येतात. एका नाटकाच्या प्रयोगाला लागतो त्याहून हा पैसा जास्त नाही, आणि हा परत येतो. पुढच्या सभेत त्यावर मत घेतलं जाईल; कृपया या आणि मत द्या.

पाडव्याच्या कार्यक्रमानंतर १५ एप्रिलपर्यंत दर रविवारी दुपारी दोन ते पाच मी सभागृहाच्या मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्याकडे पत्र आलं आहे त्यांनी ते छापून आणावं, भारतातल्या मुलांनी फोनवर यावं. वडील आले तर फारच बरं. मी चहा आणि कोरे कागद घेऊन येईन.